पर्पल मार्टिनचं घर रिकामं? उतरवू नका
पर्पल मार्टिन हे भिंगरीच्या कुळातले पक्षी; अमेरिकेत लोक त्यांच्यासाठी खांबावर खोल्या-खोल्यांची घरं लावतात. टेक्सासात फेब्रुवारीतच शेजाऱ्याकडे मार्टिन आले आणि तुमचा खांब रिकामाच, म्हणून घाबरू नका. ते प्रौढ पक्षी, बहुतेक आपल्या जुन्याच वसाहतीत परततात. नव्या घरात शिरतात ती गेल्या वर्षीची पिल्लं, आणि ती दक्षिण अमेरिकेतून महिना-दीड महिना मागाहून पोचायला लागतात. वहीत त्यांची तारीख वेगळीच लिहा. तरुण नर पोटावरून ओळखायचा: पांढुरक्या पोटावर आणि गळ्यावर जांभळट-काळी पिसं विखुरलेली. प्रौढ नर सगळाच गडद. माद्यांचं वय ठरवताना दुर्बीण असूनही फसायला होतं. नुसतं ‘मादी’ लिहिलंत तरी चालेल. तरुण पक्ष्यांना बोलवायला पहाटे नराच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावा. चिमण्यांनी (तिकडे त्या परक्याच) खोल्या बळकावायच्या आत त्यांचा काडीकचरा काढा. मे संपेपर्यंत तरी घर उघडं ठेवा.