जिल्ह्याचे उत्पन्न वाढले, पण कोणाचे?

प्रश्न : राज्याच्या आर्थिक पाहणीत सोलापूर जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाढत गेलेले दिसते. आमच्या पूर्व भागात मात्र यंत्रमाग भंगाराच्या भावाने विकले जात आहेत आणि शिकलेली मुले पुण्याची वाट धरत आहेत. मग आकडा खोटा मानायचा की आमचा अनुभव?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. आपण विचारता ते लोकांच्या मिळकतीविषयी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय मोजते ती जिल्ह्याच्या हद्दीत झालेली मूल्यवृद्धी. आपल्याच मागावरचा टॉवेल घ्या. त्याच्या विक्रीच्या किमतीतून सूत, रंग, रसायने, वीज आणि पॅकिंग यांचा खर्च वजा केला की कामगाराची मजुरी, कर्जावरचे व्याज, यंत्राची झीज आणि आपला नफा उरतो, आणि तेवढाच जिल्ह्याच्या खात्यात जमा होतो. ही रक्कम पुढे कोणाच्या हाती गेली, हे या हिशेबात पाहिले जात नाही. फताटेवाडी येथील एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प दक्षिण सोलापूर तालुक्यात असल्यामुळे तेथील मूल्यवृद्धी सोलापूरची धरली जाते, मग तिच्यातला नफा आणि व्याज जिल्ह्याबाहेर का जाईना. उलट पुण्यात नोकरी करणारा मुलगा घरी जे पैसे पाठवतो, ते सोलापूरच्या उत्पन्नात येत नाहीत. त्याचे काम पुण्याच्या खात्यावर आधीच मोजून झालेले असते.

आपल्या अनुभवाशी आकडा जुळत नाही याचे दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. कारखानेविषयक कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या कारखान्यांची माहिती दरवर्षी वार्षिक उद्योग पाहणीतून मिळते. पण चार-सहा मागांची शेड, घरी बसून हजारी दराने विड्या वळणाऱ्या महिला किंवा शिलाईचे छोटे कारखाने त्या पाहणीत येत नाहीत. अशा असंघटित उद्योगांसाठी कामगारांची अंदाजित संख्या आणि दर कामगारामागची सरासरी मूल्यवृद्धी यांचा गुणाकार केला जातो, आणि राज्यपातळीवर आलेली बेरीज ढोबळमानाने जिल्ह्यातील कामगारांच्या प्रमाणात वाटली जाते. हे प्रमाण जनगणना आणि आर्थिक गणना (उद्योगधंद्यांची देशव्यापी मोजणी) यांवरून ठरते. शेवटची जनगणना २०११ ची आहे. सहावी आर्थिक गणना २०१३ मध्ये झाली आणि सातवीचे निष्कर्ष प्रसिद्धच झाले नाहीत. म्हणजे आपल्या गल्लीतला माग गेल्या वर्षी बंद पडला असला, तरी वाटपाच्या सूत्रात तो अजून चालूच असण्याची शक्यता आहे. शिवाय भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर यांचे कापड, बाजारपेठ आणि अडचणी वेगवेगळ्या असताना एकच सरासरी सगळ्यांना लावली जाते. असंघटित उद्योगांपुरता जिल्ह्याचा आकडा राज्यात काय घडले तेच जिल्ह्याच्या नावाने सांगत असतो, आणि त्यावरून सोलापूरच्या वस्त्रोद्योगाची भरभराट किंवा घसरण सिद्ध करणे मला योग्य वाटत नाही.

शेतीचे तसे नाही. पीक कापणी प्रयोग महसूल मंडळापर्यंत होतात आणि साखर कारखान्यांच्या गाळपाची नोंद असते, त्यामुळे ज्वारी आणि ऊस यांचे आकडे बऱ्याच अंशी याच मातीतले असतात. फक्त वाढीचा दर वाचताना आधीचे वर्ष पाहावे. २०१८ सारख्या दुष्काळानंतर उजनी धरण भरले की पुढचा दर नुसत्या तुलनेनेच फुगतो. आणि मालिका चालू किमतींची आहे की एका ठरावीक वर्षाच्या स्थिर किमतींची, हे तर सर्वांत आधी पाहावे. चालू किमतींच्या वाढीत महागाईही मिसळलेली असते.

प्रश्न : दरडोई उत्पन्न काढताना भागाकारासाठी कोणती लोकसंख्या घेतात?
– एक विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती, त्यानंतरच्या वर्षांसाठी प्रक्षेपित, म्हणजे आधीच्या कलावरून अंदाजलेली, संख्या वापरतात. मधल्या काळात स्थलांतराचा वेग प्रक्षेपणात धरला त्याहून वाढला असेल, तर भाजक प्रत्यक्षापेक्षा मोठा राहतो आणि दरडोई उत्पन्न आहे त्यापेक्षा कमी दिसते. वरच्या उत्तरात सांगितलेल्या, बंद माग चालू धरण्याच्या त्रुटीची दिशा याच्या उलट आहे, त्यामुळे दोन्हींचा एकत्रित परिणाम किती, हे अंदाजाने सांगू नये. आपल्या गावचे उदाहरण आणखी मजेशीर आहे. आषाढीला येणाऱ्या लाखो वारकऱ्यांच्या खर्चातून हॉटेले, वाहतूक आणि प्रासादिक वस्तूंची दुकाने यांत जी मूल्यवृद्धी होते ती जिल्ह्याची, पण ज्या माणसांमुळे ती झाली ती भाजकात नसतात.

प्रश्न : ‘सोलापूर शहराची बदलती अर्थव्यवस्था’ या विषयावर पीएच.डी. करायची आहे. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : जिल्हा सांख्यिकी कार्यालयाच्या ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना’पासून करावी, त्याचे जुने अंक मिळवून एकाच सारणीची सलग मालिका लावली, तरी महिनाभराचे काम सहज निघते. यंत्रमागांसाठी महावितरणचा वीजदर वेगळा असल्याने त्या वर्गाचा वीजवापर हा चालू मागांचा चांगला निदर्शक ठरू शकतो. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो, त्यामुळे रोजगाराची जिल्हावार माहिती आता अधिक भरवशाची होईल. जुन्या काळासाठी पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सोलापूर शहरावर केलेला अभ्यास अवश्य वाचावा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे गाडगीळ सदस्य होते, आणि देशाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला घरोघरच्या पाहणीचीही गरज वाटली, हे मला महत्त्वाचे वाटते. आपणही एक पेठ निवडून मागांची पाहणी स्वतः करावी आणि तिचे निष्कर्ष सरकारी आकड्यांशेजारी ठेवावेत. प्रबंधात प्रत्येक आकड्यापुढे तो प्रत्यक्ष मोजलेला आहे की प्रमाणाने वाटलेला, याची नोंद करायला विसरू नये. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.