सुपरवायझर झालोय खरं, पण ऐकतंय कोण? : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं कमी आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जास्त आलेत. कोल्हापूरकडच्या शिरोलीतून येऊ दे नाहीतर इचलकरंजीतून, रडगाणं बहुतेकांचं एकच, की जबाबदारी गळ्यात पडलीय पण कुठलाच निर्णय हातात नाही. जमतील तेवढे प्रश्न घेतोय. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, कारण आपल्याकडं एमआयडीसीत कोण कुठं काय बोललं हे चहाच्या गाड्यावर दुपारपर्यंत पोचतंय.

प्रश्न : गोकुळ शिरगावात मशीन शॉपमध्ये मी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर होतो, दिवाळीनंतर सुपरवायझर केलं. ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला तीच पोरं आता ऐकत नाहीत, "काय भावा, तूपण साहेब झालास व्हय" म्हणतात. टार्गेट निघत नाही म्हणून शेवटी मीच मशीनवर उभा राहतो. वर ओटी (ओव्हरटाइम) बंद झाली, त्यामुळं हातात पहिल्यापेक्षा कमी पगार येतोय. परत ऑपरेटर होऊ काय?

उत्तर : थांबा जरा, लगेच मागं फिरू नका. आधी पैशाचं बोलू, कारण घरात त्याचाच विषय चालू असणार.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना १० हजारांवर पगार असणारा माणूस 'कामगार' धरत नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ही मर्यादा १८ हजार झाली. ओटीच्या नियमातही देखरेख करणाऱ्यांना वगळायची सोय आहे, कंपनीनं तीच वापरलेली दिसतीय. पण एक ध्यानात ठेवा, असा वाद कोर्टात गेला की ओळखपत्रावर काय छापलंय याला फार किंमत नसते, माणूस मुख्यत्वे करून काय काम करतो ते बघतात. कोण कुठल्या मशीनवर जाणार हे तुम्ही ठरवता काय, रजा तुमच्या सहीनं मिळते काय, की नुसतं नाव सुपरवायझर आणि दिवसभर जॉब लावा-काढाच चाललंय? तुमच्या बाबतीत सध्या हे शेवटचंच चाललंय, आणि हे मॅनेजरपुढं शांतपणे मांडायला काही हरकत नाही. मागच्या वर्षभरात ओटीचे सरासरी किती मिळत होते ते स्लिपांवरून काढा आणि तेवढे मूळ पगारात मागा. खरं तर बढतीचं पत्र हातात घ्यायच्या आधीच हे बोलायचं असतं, पण आपल्याकडं पेढे आधी वाटतात आणि पत्र नंतर वाचतात.

आता पोरांचं. तुम्ही एका मशीनवर उभं राहिला की बाकीच्या मशीनींकडं बघणारं कुणीच उरत नाही, आणि हे पोरांना बरोबर कळतंय. तालमीत वस्ताद रोज कुस्ती धरत बसत नाही, कडेला उभा राहून कुणाचा पाय चुकतोय ते बघतो, तसं तुमचं काम आता कडेचं आहे. सकाळी सातला पाळी बदलते ना, ती पहिली वीस मिनिटं तुमची. त्यात मागच्या पाळीनं वहीत काय लिहिलंय ते वाचायचं, कोण आलं नाही ते बघायचं, प्रत्येक मशीनचा पहिला पीस स्वतः हातात घेऊन बोअरमध्ये, म्हणजे भोकात, मापाचं गेज घालून बघायचा. गेजची नो-गो बाजू, म्हणजे जी आत जायला नको ती, आत जायला लागली म्हणजे बोअर मोठं झालंय, तिथंच मशीन थांबवायचं, ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बघायचा, इन्सर्टचा (कापणाऱ्या पात्याचा) कोपरा गेलाय काय बघायचं. हे साडेसातला सापडलं तर चार पीस जातात, जेवणाच्या सुट्टीत सापडलं तर अख्खी ट्रे जाते आणि मग ओरडून काय उपयोग.

पण मशीन थांबवायचा अधिकार तुम्हाला दिलाय काय? इथंच बहुतेकांची गाडी अडते. मॅनेजरकडून चार गोष्टी लिहून घ्या, मेल असू दे नाहीतर साधा कागद: माप चुकलं तर मशीन थांबवणं, माणूस एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवणं, एका दिवसाची रजा देणं, आणि स्टोअरमधून इन्सर्ट काढणं. एवढं नसेल तर पोरं तुमचं ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं त्यांनी, त्यांची रजा तर वरच्या केबिनमध्येच मंजूर होतीय.

आणि एक, पोरं तुम्हाला बोलण्यावरून जोखत नाहीत, हलका जॉब कुणाला आणि जड कास्टिंग (ओतीव तुकडा) कुणाला यावरून जोखतात. जुन्या दोस्ताला रोज हलकं काम गेलं की संपलं. पाळीपाळीनं लावा आणि फळ्यावर लिहून टाका. डबा बिनधास्त त्यांच्यातच बसून खावा.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. वीसेक माणसं, एक सुपरवायझर होताच, आता मॅनेजरपण ठेवलाय. तरी ड्रिल बिट संपल्यापासून ते सुट्टीपर्यंत सगळं माझ्याकडंच येतं. या दोघांची कामं नेमकी वेगळी काय? मग पगार कशाचा देतोय मी?

उत्तर : साहेब, रागावू नका, पण सगळं तुमच्याकडं येतं कारण तुम्ही ते घेताय. उद्यमनगरची घडणच तशी आहे. ऑइल इंजिनं बनायची त्या काळापासून मिस्त्री हाच सगळं, पॅटर्न तोच बघणार, माप तोच घेणार, माणूस तोच लावणार आणि गिऱ्हाइकाशी भांडणारपण तोच. वडिलांच्या वेळी पाच-सहा माणसांत हे खपून गेलं. आता मॅनेजर ठेवलाय पण मिस्त्रीपण तुमच्यातनं गेलेलं नाही.

सरळ सांगायचं तर सुपरवायझरनं आजची पाळी बघायची आणि मॅनेजरनं पुढचा महिना. आज कोण आलंय, कुठला जॉब कुठं लावायचा, माप बरोबर आहे काय, माणूस चष्मा-हातमोजे घालतोय काय हे सुपरवायझरचं. ऑर्डर किती घ्यायची, माल कधी मागवायचा, मशीन दुरुस्तीला कधी सोडायचं, माणसं कमी पडतायत तर भरायची काय, खर्च कुठं चाललाय हे मॅनेजरचं. फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) आलेल्या कास्टिंगला मशीनिंगमध्ये ब्लोहोल (हवेची पोकळ भोकं) निघाले, तर सुपरवायझरनं काम थांबवून खराब माल बाजूला लावायचा, आणि फौंड्रीला फोन लावून तो परत घ्यायला लावायचा की डेबिट टाकायचं (त्याचे पैसे त्यांच्या बिलातून कापायचे) हे मॅनेजरनं ठरवायचं. तुमच्यात हा फोन कोण लावतं? तुम्हीच ना?

दुसरं उदाहरण हजेरीचं. जोतिबाची चैत्र यात्रा कधी आहे हे कॅलेंडरवर छापलेलं असतं, पावसाळा लागला की पन्हाळा-शाहूवाडीकडची माणसं भाताच्या लावणीला जाणार हेपण सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दरवर्षी त्या आठवड्यात "माणसंच नाहीत" म्हणून डिस्पॅच अडकतो. कोण कोण जाणार हे सुपरवायझरनं पंधरा दिवस आधी विचारून यादी द्यायची आणि त्यावर डिलिव्हरीची तारीख मॅनेजरनं पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, आधीच बोलून ठेवायची. एवढं झालं तर तुमच्यापर्यंत फोन यायचं कारणच नाही.

हेन्री फेयॉल नावाचा एक फ्रेंच खाण इंजिनीयर होता, त्यानं १९१६ मध्ये व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून यावा. तुम्ही शॉपमध्ये चक्कर मारता मारता ऑपरेटरला "हे सोड, आधी त्या पार्टीचं घे" म्हणता ना, तेवढ्यानं सुपरवायझर आणि मॅनेजर दोघांचीही किंमत जाते. चक्कर जरूर मारा, पण जे दिसेल ते मॅनेजरला सांगा, ऑपरेटरला नको. आणि महिनाभर रजेचे, स्टोअरचे फोन आले की "सुपरवायझरला विचारलंस काय?" एवढंच बोला. सुरुवातीला चारदोन निर्णय चुकतील त्यांचे, तेवढी झळ सोसावी लागणार.

प्रश्न : शिरोलीत फौंड्रीत फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला) सुपरवायझर आहे. नवीन हेल्पर सगळे बिहार, ओडिशाचे, काम सांगितलं की "हां जी हां जी" करतात आणि चुकीचंच करतात. डोकं फिरतंय.

उत्तर : "हां जी" म्हणजे समजलं असं नव्हे, साहेब चिडू नये म्हणून ते म्हणतात. नवीन गावात आपणपण तेच केलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले आणि कारखान्यात अगदी नवखी माणसं भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरांना शिकवायचं कसं हेच शिकवलं गेलं, पुढं जपानी कारखान्यांनीही ती पद्धत उचलली. पायऱ्या चारच: माणसाला निवांत करून आधी त्याला किती येतंय ते विचारायचं, मग एकेक टप्पा करून दाखवायचा आणि तसंच का करायचं ते सांगायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, त्यानं आपल्या तोंडानं टप्पे सांगत करायचं, आणि सोडल्यावर पुन्हा पुन्हा येऊन बघायचं. तिसरी पायरी आपल्याकडं कुणी करतच नाही. ग्राइंडरवर टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि व्हीलमध्ये फट का वाढू द्यायची नाही हे त्याला त्याच्या हिंदीत सांगता आलं तर समजा कळलं, फटीत कास्टिंग अडकून व्हील फुटतं हे त्याच्या तोंडून आलं पाहिजे. यासाठी पहिले दोन दिवस त्याच्याकडून टनेज, म्हणजे किती टन माल काढला याचा हिशोब, मागू नका असं मॅनेजरला सांगावं लागेल, तिथं मात्र कचरू नका.

प्रश्न : प्रेसला दोन हातांची बटणं आहेत. एका बटणात काडी खुपसून एका हातानं चालवतात, काम पटापट निघतं. मॅनेजर म्हणतात बघून न बघितल्यासारखं कर. काही झालं तर अडकणार कोण?

उत्तर : आधी काडी काढा, पुढचं नंतर वाचा. दोन्ही हात बटणावर असले तर डायखाली (दाबणाऱ्या साच्याखाली) बोट जात नाही, त्यासाठीच ती सोय आहे.

अडकण्याचं विचाराल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात अशा गोष्टींसाठी कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे मालक किंवा डायरेक्टर, आणि नोंदलेला मॅनेजर या दोघांना जबाबदार धरलं जायचं, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुरक्षा साधनाशी खेळणं कामगारालाही मनाच होतं. आता त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतलीय, पण मालकाची जबाबदारी काही हललेली नाही. चौकशी सुरू झाली की पहिला प्रश्न मात्र तुम्हाला, पाळीवर कोण होतं? आणि "बघून न बघितल्यासारखं कर" हे कुणी लिहून देत नसतं. म्हणून तुम्ही लिहा. पाळीच्या वहीत तारीख-वेळ टाकून, "अमुक प्रेसचं बटण जाम केलेलं आढळलं, प्रेस बंद केला, मेन्टेनन्सला कळवलं." फोटो काढून मॅनेजरला पाठवा, साध्या शब्दांत, भांडणाचा सूर नको. प्रॉडक्शन कमी पडतंय तर दुसरा प्रेस, दुसरी डाय, जास्तीची पाळी हे बघणं त्यांचं काम आहे, पोराचं बोट हा त्यावरचा इलाज नव्हे.

प्रश्न : इचलकरंजीत गारमेंट युनिटमध्ये सुपरवायझर आहे, वय २६. शिलाईवर सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना सांगायचं कसं? शिवाय आमचा मशीन मेकॅनिक घाण बोलतो, अंगचटीला येतो अशी दोघींची तक्रार आहे, मॅनेजर म्हणतात तूच मिटव.

उत्तर : त्यांना ताई, मावशी म्हणत असाल तर तसंच म्हणत राहा. चूक दाखवताना फक्त कापड हातात घेऊन दाखवा, "मावशी, ही शिवण इथं ओढलीय बघा", म्हणजे बोलणं कापडाबद्दल राहतं, वयाबद्दल जात नाही.

दुसरं मात्र तुम्ही अजिबात मिटवू नका, तो तुमचा अधिकारच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती लागतेच, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई असावी लागते, आणि समितीच नसेल तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. प्रकार घडल्यापासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, त्यामुळं बघू-करू नको. दोघींना लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करा, आणि तोवर मेकॅनिक त्यांच्या लाइनला एकटा जाणार नाही असं लावा, एवढं सुपरवायझरच्या हातात असतंच. युनिटमध्ये समिती नसेल तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिकडं जाता येतं.

प्रश्न : आमचे मॅनेजर रात्री अकराला ग्रुपवर "उद्याचा प्लॅन??" टाकतात. उत्तर द्यायचं काय?

उत्तर : संध्याकाळी निघायच्या आधी उद्याच्या प्लॅनचा फोटो तुम्हीच ग्रुपवर टाकून मोकळे व्हा. तरीपण अकराला आलाच तर सकाळी सहाला "वर टाकलाय सर" लिहा. भट्टी बंद पडली असती तर मेसेज नव्हे, फोन आला असता.