नगरसेवकपदाच्या प्रचारात सोशल मीडियाचा उपयोग नेमका कसा करायचा?

तुम्हाला पुण्यात महापालिकेला उभं राहायचंय, एक एजन्सी 'लाखभर व्ह्यूज'चं पॅकेज देतेय आणि ते घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत : घेऊ नका. रील नागपुरात गाजली म्हणून पुण्यातल्या धायरीत मत पडत नाही. प्रभागाच्या निवडणुकीत मोजायचे ते मतदारयादीचे भाग (म्हणजे एकेका वस्तीच्या मतदारांच्या छोट्या याद्या), व्ह्यूज नव्हे.

खरं काम व्हॉट्सॲपवर होतं. अख्ख्या प्रभागाचा एकच ग्रुप काढू नका. त्यात पाच जण भांडतात आणि बाकीचे म्यूट करून बसतात. यादीच्या भागानुसार ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा, खासगीत जातो. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि बहुतेक उमेदवार इथेच गंडतात. म्हणून घरोघरी फिरताना कार्यकर्त्याने नुसता नंबर लिहून आणायचा नाही. दारातच मिस्ड कॉल द्यायचा आणि सांगायचं, "काकू, एवढा सेव्ह करा, पाण्याचे निरोप याच नंबरवरून येतील." नंबरांच्या याद्या विकत घेऊन नव्या सिमवरून मेसेज सोडले, की लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद पडतो, तोही ऐन प्रचारात.

निरोप मात्र खरोखर पाण्याचे हवेत. पुण्यात गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची वेळ बऱ्याचदा येते. महापालिकेने जाहीर केलेली भागांची यादी नीट वाचून, फक्त आपल्या गल्ल्यांपुरता मेसेज बुधवारी सकाळीच टाका : "उद्या आपल्याकडे पाणी नाही. शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येईल. टँकर लागला तर इथेच कळवा." यात फोटो नको, चिन्ह नको. वर्षभर असे मेसेज गेले, की प्रचाराचा मेसेजही उघडला जातो. रोज हात जोडलेल्या फोटोसह 'शुभ सकाळ' पाठवलं, तर दिवाळीच्या आत तुम्ही म्यूट झालेले असता. सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः घुसू नका. तिथल्याच रहिवाशाने फॉरवर्ड केलेलं लोक वाचतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे टाकायचे असतील तर राजकीय जाहिरातींसाठी ओळख पडताळणी आणि 'पैसे कोणी दिले' ही ओळ लागते. नाहीतर जाहिरात उडते. हे महिनाभर आधी उरका. जाहिरात कुठे दिसावी यासाठी नकाशावर पिन टाकून अगदी एक किलोमीटर त्रिज्येइतकं लहान वर्तुळही घेता येतं. प्रभाग काही गोल नसतो, तेव्हा लहान वर्तुळं जास्त टाका आणि शेजारचा भाग वगळा. व्हिडिओ तीस सेकंदांचा पुरे. खाली मराठी अक्षरं हवीतच, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात.

चार सदस्यांचा प्रभाग असेल तर शेवटच्या आठवड्यात एकच गोष्ट डोक्यात बसवा : तुमची जागा अ, ब, क की ड, यंत्रावरचा अनुक्रमांक आणि चिन्ह. विकासाची गाणी तेव्हा बंद. मतदाराला चार मतं द्यायची असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

हिशेबाचं म्हणाल तर बूस्टच्या (पैसे भरून पोस्ट पसरवण्याच्या) पावत्या, डिझायनर आणि एडिटिंगवाल्याचं मानधन, सगळं निवडणूक खर्चात धरायचं. जाहिरात आधी निवडणूक यंत्रणेकडून प्रमाणित करून घ्यायची. एआयने बनवलेला आवाज किंवा चेहरा वापरलात तर तसं ठळक लिहा. विरोधकाच्या तोंडी खोटं वाक्य घालणारी क्लिप तर कुठल्याच कार्यकर्त्याला फॉरवर्ड करू देऊ नका, तक्रार तुमच्या नावावर होते.

प्रत्येक जाहिरातीला सुरुवातीलाच संपायची वेळ घालून ठेवा आणि शेड्यूल केलेल्या पोस्ट तपासा. प्रचाराची मुदत संपते त्या रात्री सगळे दमून झोपतात, आणि बूस्ट आपला चालूच राहतो.