पोस्टर आधी की पेटंट?

प्रश्न : रक्तातलं एक प्रथिन ओळखणारी चाचणीपट्टी आम्ही विद्यापीठात तयार केली आहे. पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर आहे. तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष म्हणतो, आधी पेटंटचा अर्ज करा. अमेरिकेत शोध जाहीर केल्यावरही अर्ज करायला वर्षभराची सवलत असते ना, मग घाई कशाला?

उत्तर : सवलत अमेरिकेत आहे, युरोपात नाही. तिथे अर्जाच्या आदल्या दिवशी पोस्टर लागलं तरी शोध 'नवा' राहत नाही. कोहेन आणि बोयर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या जनुकजोडणीच्या तंत्राचंच बघा. लेख नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला. स्टॅनफर्डने अर्ज केला ४ नोव्हेंबर १९७४ ला, मुदत संपायला आठवडा उरला असताना. अमेरिकेतलं पेटंट मिळालं, त्यावर २५ कोटी डॉलरच्या वर कमाई झाली, पण परदेशातले हक्क लेख छापला तेव्हाच हातचे गेले होते.

पोस्टरच्या तारखेवरही विसंबू नका. गोषवारा बहुधा आधीच संकेतस्थळावर चढतो आणि तीच तारीख धरली जाते. ग्रंथालयात जमा झालेला प्रबंधसुद्धा प्रकाशनच. म्हणून हस्तांतरण कक्षाकडे शोधनोंदणीचा फॉर्म आजच भरा, तात्पुरता म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज गोषवारा प्रसिद्ध होण्याआधी करा, आणि पूर्ण अर्ज त्यानंतर १२ महिन्यांच्या आत. यात एक गफलत हमखास होते : घाईघाईत पोस्टरचीच नक्कल तात्पुरता अर्ज म्हणून जोडतात. अर्जात लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. प्रतिपिंडांची, म्हणजे प्रथिनाला नेमकं पकडणाऱ्या रेणूंची, दुसरी जोडी किंवा पट्टीची पर्यायी रचना नंतर आठवली, तर तिची तारीख नवी, आणि तोवर तुमचंच पोस्टर आडवं आलेलं.

प्रश्न : एका कंपनीला पट्टी बघायची आहे. दाखवावी का?

उत्तर : गोपनीयतेच्या करारावर सह्या झाल्यावर. पट्टी हातात द्यायची तर साहित्य हस्तांतरणाचा करार वेगळा, आणि त्यावर सही विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची लागते, तुमची एकट्याची पुरत नाही.

प्रश्न : याच पट्टीचा प्रस्ताव विद्यापीठाच्या निधी समितीने 'पुरावा अपुरा' म्हणून परत पाठवला. काय कमी पडलं?

उत्तर : बहुधा बफरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या साध्या द्रावणात, प्रथिन मिसळून घेतलेले निकाल दिले असावेत. समितीला रुग्णांचे नमुने हवे असतात, तेही पट्टीवरची रेघ वाचणाऱ्याला उत्तर ठाऊक नसताना, आणि निदान ३ वेगवेगळ्या खेपांत बनवलेल्या पट्ट्यांवर.

आणखी एक तपासा. प्रथिन प्रचंड असलेल्या नमुन्यात रेघ गडद होण्याऐवजी फिकी पडते का? एरवी प्रथिन दुवा बनून रंग देणाऱ्या सोन्याच्या कणांना रेघेवर अडकवतं, म्हणून रेघ दिसते. प्रथिन फार झालं की रेघेवरच्या प्रतिपिंडाला आणि सोन्याच्या कणांवरच्या प्रतिपिंडाला प्रथिनाचे सुटे रेणू वेगवेगळे चिकटून बसतात. मग दोघांना जोडायला मधला दुवाच उरत नाही. नमुना १० पट आणि १०० पट पातळ करून पुन्हा लावा. रेघ उठून दिसली तर दोष हाच. सर्वांत आजारी माणसाला 'निगेटिव्ह' सांगणारी पट्टी कोण विकत घेईल?

शेवटी प्रतिपिंडाची बाटली फिरवून बघा. तिच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असलं, तर विक्रीच्या पट्टीसाठी पुरवठादाराशी वेगळा करार करावा लागेल. तो आत्ताच मागा. ऐनवेळी प्रतिपिंड बदललं की वरच्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून.