मेकमायट्रिप आणि गोआयबिबोचा मालक एकच आहे का?

हो, एकच. तुम्ही विचारलंय की मुंबई-गोवा विमानाचे दर दोन्ही ॲपवर पाहिले म्हणजे दोन कंपन्यांची तुलना होते का, तर नाही होत. २०१७ च्या जानेवारीत इबिबो ग्रुप मेकमायट्रिपमध्ये विलीन झाला आणि त्याच्यासोबत गोआयबिबो व रेडबस हे दोन्ही ब्रँड तिकडे गेले. म्हणजे दादरहून कोल्हापूरची रात्रीची बस रेडबसवर काढलीत तरी व्यवहार त्याच घरात राहतो. मेकमायट्रिप या मूळ कंपनीची नोंदणी मॉरिशसची, कामकाज गुरुग्रामहून, आणि २०१० पासून शेअर अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारावर. त्यामुळे भागधारकांचे तपशील तिला जाहीर करावे लागतात. चीनची ट्रिप डॉट कॉम ही प्रवास-बुकिंग कंपनी बरीच वर्षं तिची सर्वांत मोठी भागधारक होती. २०२५ मध्ये मेकमायट्रिपने तिच्याकडचे बरेच शेअर परत विकत घेतले आणि तिचा हिस्सा २० टक्क्यांच्या आत आला.

मात्र मालक एक म्हणून दर एकच, असं धरून चालू नका. कूपन आणि बँकेच्या कार्डावरची सूट ॲपगणिक बदलते, म्हणून पैसे भरायच्या शेवटच्या पानावरचा आकडाच बघा. खरी तुलना हवी असेल तर दुसरा दर वेगळ्या मालकाकडून घ्या:

- क्लिअरट्रिप (२०२१ पासून फ्लिपकार्टकडे)
- विमान कंपनीची स्वतःची साइट. ही तर नक्कीच बघा