जुना पंप पुन्हा उभा करायचाय? आधी जमिनीखाली बघा

इलिनॉयमधल्या एका लहान गावात १९३०च्या सुमाराचं बंद गॅस स्टेशन घेतलंय, ते मूळ रूपात आणायला सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. रंगापासून नको, एवढं आधी सांगतो.

मी ब्लूमिंग्टनला राहतो. अशाच एका पंपावर दोन उन्हाळे शनिवार-रविवार राबलोय. आम्ही उलटं केलं. दर्शनी भिंत रंगवून झाली आणि मग जमिनीखालची पेट्रोलची टाकी काढणारे आले. गंजून चाळण झालेली टाकी वर येताना नव्या रंगावर चिखलाचे फराटे! खालच्या मातीला इतक्या वर्षांनीही पेट्रोलचा वास. ती तपासून उचलून नेईपर्यंत सगळं ठप्प. साध्या पोलादी टाक्या सुधारायची, बदलायची किंवा बंद करायची सरकारी मुदत डिसेंबर १९९८ला संपली. तेव्हा तुमच्या टाक्या कधी, कशा बंद केल्या याचे कागद विकणाऱ्याकडे मागा.

मग एक दिवस काढून इलिनॉयमधल्याच ओडेल गावाला जाऊन या. रूट ६६ या जुन्या महामार्गावरचा तिथला स्टँडर्ड ऑइलचा पंप १९३२चा, पॅट्रिक ओडॉनेलने बांधलेला. छोटंसं घर आणि पुढे गाडी उभी राहील एवढं छत. शेजारचं गॅरेज नंतर जोडलेलं, तरी ते राखलंय. हेच शिकण्यासारखं आहे. 'मूळ' म्हणजे नेमकं कुठल्या सालचं, हे ठरवल्याशिवाय काहीही पाडू नका. जवळच ड्वाइटला अँब्लरचा पंप आहे, १९३३चा. तो १९९९पर्यंत चालू होता, आता तिथे प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे.

रंग शोधायला बिजागरीमागची जागा बघा, तिथे कुणी खरवडलेलं नसतं. आम्ही नाण्याएवढा तुकडा ओला करून पात्याने सोलला. वर राखाडी, मग पांढरा, मग हिरवा आणि लाकडाला चिकटून मळकट पिवळा. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासू नका. पोरंबाळं तर लांबच ठेवा.

कॅफे वगैरे काढणार असाल तर नॅशनल रजिस्टरची, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या केंद्रीय यादीची, चौकशी आत्ताच करा. नोंद झाली आणि काम सरकारी निकषांत बसलं, तर मान्य खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवून मोकळे झालात, तर ती हातची जाऊ शकते.

काचेच्या डोक्याचे जुने पंप, म्हणजे पेट्रोल भरायची यंत्रं, ऑनलाइन दिसतील आणि हात शिवशिवतील. त्यांतले बरेच नव्याने बनवलेले असतात. ते अगदी शेवटी घ्या, पैसे उरले तर.