चिऱ्याचे घर, दोन राउटर आणि चवथीची सुट्टी

प्रश्न : मी पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचे घर फोंडा तालुक्यात असून ते जुने, चिऱ्याचे आणि मध्ये राजांगण असलेले आहे. इंटरनेटची फायबर पुढच्या सोप्यात येते व कंपनीचे खोके तेथेच बसवलेले आहे. बाबा मागच्या खोलीत हिशेबाचे काम करतात, तेथे वायफाय जेमतेम पोहोचते; आजीच्या खोलीत तर व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजते. काकांनी उपाय म्हणून दुसरा राउटर आणून तो केबलने जोडून माजघरात ठेवला आणि पुढे वायफाय पकडून पुन्हा पसरवणारा एक रिपीटरही घेतला. आता घरात तीन नावांची वायफाय दिसतात, मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला सोप्यातला प्रिंटर सापडत नाही आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे कुटुंब जमले की काहींच्या फोनवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढेच दिसत राहते. या सुट्टीत हे सर्व मीच दुरुस्त करावे, अशी घरच्यांची अपेक्षा आहे. मेश संच (एकाच नावाचे वायफाय घरभर पसरवणारी जोडीची उपकरणे) घ्यावा का? सुरुवात कोठून करावी? पुण्याहून घरच्या राउटरवर लक्ष ठेवता येईल का?
— एक विद्यार्थिनी, फोंडा तालुका

उत्तर : खरेदीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. तुमच्या घरात उपकरणे कमी पडलेली नाहीत. ती एकमेकांच्या वाटेत उभी आहेत. शिवाय दुरुस्ती अशी व्हायला हवी की सुट्टी संपवून तुम्ही पुण्याची बस धरल्यानंतरही आई-बाबांना ती चालवता येईल. पुढची सर्व उत्तरे हीच अट धरून दिलेली आहेत.

पहिले काम म्हणजे दोष बाहेरचा की घरातला हे ठरवणे. सोप्यातल्या खोक्याला लॅपटॉप केबलने थेट जोडावा, बाकी सर्व उपकरणे काही वेळ बंद करावीत आणि वेग मोजावा. मोजताना एकक पाहावे, कारण कंपनी मेगाबिटमध्ये बोलते आणि संगणक फाइल उतरवताना मेगाबाइट दाखवतो. १०० मेगाबिटच्या योजनेत सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरले तर तक्रारीला जागा नाही. त्यानंतर खोक्याच्या अंतर्गत पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी पाहावी. प्रचलित जीपॉन (घरोघरच्या फायबर इंटरनेटची पद्धत) जोडणीत ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) या मर्यादेत असावी लागते. आकडा उणे २७ च्या काठावर असेल, तर घरात कशालाही हात लावण्याआधी कंपनीकडे तक्रार नोंदवावी, कारण अशी जोडणी आज चालते आणि उद्या लाल दिवा दाखवते. तत्पूर्वी फायबरवरून एकदा नजर फिरवावी. चवथीच्या आधी घरोघरी रंगकाम निघते, आणि रंगारी आड येणारी तार खिळ्याला गुंडाळून मोकळा होतो. फायबरला असा आवळलेला पीळ पडला की आतली काच शाबूत असूनही प्रकाश वळणावर बाहेर झिरपतो. जास्तीची फायबर मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवावी.

बाहेरची जोडणी ठीक निघाली, तर माजघरातल्या राउटरकडे वळावे. कंपनीचे खोके स्वतः राउटरच असते. त्याच्या मागे दुसरा राउटर तसाच जोडला, की तो आपले वेगळे जाळे मांडतो आणि स्वतःचे वेगळे पत्ते वाटू लागतो. मागच्या खोलीतला लॅपटॉप या आतल्या जाळ्यात आहे आणि प्रिंटर बाहेरच्या. लॅपटॉप प्रिंटरचा शोध घेण्यासाठी जी हाक देतो ती आपल्या जाळ्यापुरतीच राहते, राउटर ओलांडून जात नाही. प्रिंटर बिघडलेला नाही, त्याला ती हाक ऐकूच येत नाही.

दुसऱ्या राउटरच्या मांडणीत ‘ॲक्सेस पॉइंट’ (वेगळे जाळे न मांडता नुसते वायफाय देणे) हा पर्याय असेल तर तो निवडला की काम झाले. नसेल तर क्रम सांभाळावा. प्रथम त्या राउटरला खोक्याच्याच जाळ्यातला, पण खोके जे पत्ते वाटते त्यांच्या बाहेरचा एक पत्ता द्यावा, खोके १९२.१६८.१.१ वर असेल तर १९२.१६८.१.२ सोयीचा. मग त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप, बंद करावे आणि खोक्याकडून येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ खाचेतून काढून ‘लॅन’ खाचेत घालावी. आता पत्ते वाटणारे घरात एकच उरते. दोन्ही ठिकाणी वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, म्हणजे फोन एकीकडून दुसरीकडे आपोआप सरकेल. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र दोघांना वेगवेगळे चॅनल द्यावेत. तेथे १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. रिपीटर काढून कपाटात ठेवावा. साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा सांगितली जाते आणि वेग निम्म्यावर येतो. काकांना हे जरा हळुवारपणे सांगावे. पैसे त्यांनी घातलेले आहेत.

खरा अडथळा आहे भिंतीचा. जुन्या घरांतल्या चिऱ्याच्या भिंती चांगल्या जाड असतात. चिरा हा लोहयुक्त आणि सच्छिद्र दगड आहे आणि पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो. ओल्या भिंतीत रेडिओलहरी अधिक क्षीण होतात, आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना ही झळ २.४ गिगाहर्ट्झपेक्षा जास्त बसते. मे महिन्यात आजीच्या खोलीत बरे चालणारे वायफाय श्रावणात का मान टाकते, याचे एक कारण येथे सापडते. या बाबतीत तुमची सुट्टी योग्य वेळी आली आहे, कारण चवथीला भिंती सर्वांत ओल्या असतात. आता घेतलेले माप वर्षातले वाईटात वाईट माप समजावे आणि उपकरणांच्या जागा त्यावरून ठरवाव्यात. दिवाळीला मोजून ठरवलेली जागा पुढच्या पावसाळ्यात पुरेलच असे नाही. फोनवर सिग्नलची पातळी दाखवणारे एखादे ॲप घेऊन खोलीखोलीत दारे लावून मोजावे. उणे ६५ डीबीएमच्या आसपास काम नीट होते, उणे ८० ला व्हिडिओ कॉलची आशा सोडावी. राजांगणाचा मात्र फायदा करून घेता येतो. माजघरातला राउटर राजांगणाकडे उघडणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी ठेवला, तर समोरच्या खोल्यांत लहरी भिंतीऐवजी मोकळ्या हवेतून पोहोचतात. आजीची खोली त्या बाजूला असेल तर तिचा प्रश्न एवढ्यानेच सुटण्याची शक्यता आहे.

बाबांच्या खोलीपर्यंत मात्र तार न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेश संच वाईट नाही. पण त्यातली उपकरणे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील, तर त्यांच्या मध्येही तीच ओली भिंत उभी राहणार. तार ओढल्यावर तिच्या टोकाला मेशचा तुकडा लावा किंवा साधा ॲक्सेस पॉइंट, फरक थोडाच पडेल. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घर कितीही ऐसपैस असले तरी पुरते. घेताना ती शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते; पात्याने खरवडल्यावर तार आतून चंदेरी दिसली की ती परत करावी. आठही तारा दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने बसवाव्यात. त्यांतल्या चारच नीट जुळल्या तर जोडणी चालते, पण १०० मेगाबिटवर अडकते, आणि हा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

केबलच्या वाटेसाठी चिरा फोडू नये. जुना चिरा छिद्र पाडताना भुगा होऊन ढासळतो आणि एका छिद्रापायी गिलाव्याचे काम निघते. दारांवरचे झरोके किंवा माळा हीच चांगली वाट. माळ्यावर उंदीर असतातच, म्हणून केबल पीव्हीसी पाइपातून न्यावी, विजेच्या तारांपासून वीतभर तरी दूर ठेवावी आणि ओलांडणे भागच असेल तेथे काटकोनात ओलांडावी. ज्या वाशांना माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधली जाते ते टाळावेत, हे तुम्हाला सांगायला नको. पण माळ्यावर काम करताना विसर पडतो. केबल गोठ्यापर्यंत किंवा आवारातल्या दुसऱ्या इमारतीपर्यंत उघड्यावरून नेण्याचा मोह झाला तर तो आवरावा. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार म्हणजे गडगडाटात विजेच्या धक्क्याला दिलेली वाट असते. तेथे फायबरच योग्य.

चवथीच्या गर्दीचा प्रश्न सोपा आहे. साध्या घरगुती जाळ्यात २५४ पत्ते मावतात, परंतु खोक्याला त्यांपैकी थोडेच वाटण्याची मुभा दिलेली असू शकते, आणि एकदा दिलेला पत्ता बहुधा २४ तास राखून ठेवला जातो. सकाळी आरतीला येऊन गेलेल्या पाहुण्याचा पत्ता संध्याकाळी आलेल्याला मिळत नाही. वाटपाची मर्यादा वाढवावी आणि मुदत दोन तासांवर आणावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ जाळे वेगळे ठेवावे, म्हणजे बाबांच्या हिशेबाचा संगणक आणि मावसभावंडांचे खेळ एका जाळ्यात येणार नाहीत. हे करत असतानाच डब्ल्यूपीएस (पासवर्डाविना बटणाने किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे आणि खोक्याचा मूळ व्यवस्थापकीय पासवर्ड बदलावा.

पुण्याहून लक्ष ठेवण्याबाबत सावध राहावे. खोक्याच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा दिसला, तर कंपनीने तुम्हाला अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता दिलेला आहे असे समजावे. हे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आले, आणि त्यांवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरातल्या उपकरणाकडे वळवणे) करून बाहेरून घरात शिरता येत नाही. मार्ग निघू शकतात, पण राउटरचे व्यवस्थापन बाहेरच्या जगाला उघडे करणे मला पटत नाही. बाबांच्या संगणकावर दूरस्थ मदतीचा एखादा प्रोग्राम बसवून, त्यांनी परवानगी दिल्यावरच आत येणे पुरेसे आहे.

निघण्यापूर्वी एका कागदावर मराठीत लिहून ठेवावे : कोणते उपकरण कोठे आहे, कोणता दिवा कसा दिसायला हवा, आधी खोके सुरू करून त्याचे दिवे स्थिरावल्यावरच माजघरातला राउटर सुरू करावा, कंपनीचा ग्राहक क्रमांक काय आहे. हे सर्व बंद करून पुन्हा सुरू करण्याचे काम बाबांकडून एकदा तुमच्या देखत करवून घ्यावे, आणि ते करत असताना मध्ये हात घालू नये.

प्रश्न : मुलगा सुट्टीत येऊन राउटरमध्ये बरेच काही बदलून वसतिगृहावर परत गेला. आता नेट वारंवार जाते आणि पासवर्ड आम्हाला ठाऊक नाही. मागचे बारीक बटण दाबून सर्व पूर्ववत करावे का? विजा चमकताना सर्व बंद करावे का?
— एक पालक, पेडणे

उत्तर : बटण दाबण्यापूर्वी ते कोणत्या उपकरणावर आहे हे पाहावे. बाजारातून आणलेल्या राउटरवर ते दाबले तर फार तर मांडणी पुन्हा करावी लागेल. कंपनीच्या फायबरच्या खोक्यावर मात्र दाबू नये. काही कंपन्यांच्या जोडणीची ओळख त्यातच भरलेली असते आणि ती पुसली गेली की त्यांचा माणूस येईपर्यंत घरात नेट नसते. मुलाला फोन करून पासवर्ड लिहून घेणे यापेक्षा स्वस्त पडेल.

वीज कडाडण्याच्या आतच प्लग काढावेत; कडकडाट डोक्यावर आल्यावर प्लगला किंवा केबलला हात लावू नये. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे धोका मुख्यतः ॲडाप्टरमधून आणि तांब्याच्या केबलमधून येतो. खांबावरून आलेल्या फायबरला आधाराची पोलादी तार असेल, तर ती घराबाहेरच संपवलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. नेट वारंवार जाण्याचे कारण विजेचे क्षणिक खंड हेही असू शकते, कारण अशा प्रत्येक खंडानंतर खोके नव्याने सुरू होण्यास काही मिनिटे घेते. त्यासाठी राउटरचा लहान यूपीएस मिळतो. तो घेण्याआधी ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवावेत. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, परंतु सगळेच नसतात.